निवडलेली कालवं

“आई, तुझी कालवं तपासणीत ठणठणीत निघाली,” कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आल्या आल्या रेजिना म्हणाली. पायातली चप्पलही तिने काढली नव्हती.

कोळंबी सोलत बसलेल्या लूर्डसच्या डोक्यात तिडीकच गेली. “ठणठणीत? कारखान्याचं गटार खाडीत सोडल्यापासून आमचा कालवांचा खडक कुजतोय. पाचूबंदरला कोनालाबी विचार. तुजी मशीन आंधली हाय का गं?”

रेजिनाने पुन्हा समजावलं. कालवाच्या अंगात जंतू शिरला की तिथल्या पेशी बारीक रेणू सोडतात आणि बाकीच्या पेशींना मदतीला बोलावतात. पाणी विषारी असलं की ही हाक बिघडते, मग साध्या जंतूनेही कालव मरतं. “तू आणलेल्यांत हाक अगदी चोख आहे. हाच रिपोर्ट वर गेला तर गटार बंद होणार नाही.”

“जळली मेली ती हाक. मी एकेक बघून, घट्ट मिटलेली, ताजी तेवडीच दिली तुला.”

“बघून दिलीस?”

“मग? तुज्या सायबांच्या टेबलावर उघडी पडलेली देऊ? असला माल कुनाच्या घरात धाडला नाय मी कदी.”

“अगं, आजारीच तर हवी होती. न निवडता आण, म्हटलं होतं ना तुला?”

म्हटलं होतं खरं. लूर्डसला गटारवाल्यांचा राग आला, लेकीचा आला, आणि ज्या हाताचा तिला आयुष्यभर गर्व होता त्या हाताचाही आला. “उद्या आनते,” ती खेकसली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती खडकावर गेली. हात सवयीने चांगल्याकडेच वळत होता. तिने त्याला शिवी हासडली आणि एका कडेने येईल ते काढत गेली. काही मिटलेली होती. बरीचशी अर्धवट उघडी, बोट लावलं तरी जेमतेम हलणारी. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कॉलेजची वाट बाजारातून जाते. लग्न होऊन आल्यापासून फक्त लूर्डसचीच कालवं घेणाऱ्या मार्थाबाईंनी नेहमीसारखा टोपलीवरचा फडका उचलला आणि नाकाला रुमाल लावला.

“लूर्डस, आता तू असलं विकतेस?”

आजूबाजूच्या कोळणी वळून बघायला लागल्या. लूर्डसचे कान तापले.

“विकाया नाय,” ती म्हणाली. “आमच्या खडकावरची हायत.”

मार्थाबाईंच्या हातातून तिने फडका घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि टोपली तशीच उघडी डोक्यावर घेऊन बाजाराच्या मधोमध चालू लागली.