बुधवारची ट्रायल

मी कोट बोलतोय. राखाडी लोकरीचा. कापड भारी, अस्तर रेशमी. तरी माझी निम्मी हयात एकाच बाहीनिशी, अर्धवट शिवलेला असा गेली. उगाच कीव नको. काय झालं ते सांगतो.

मला मास्तरांनी कापलं. एका खोलीचं दुकान, एक मशीन, एक लांब टेबल. काजं-बटणं करायला खिडकीशी त्यांची वहिनी बसायची. थोरला भाऊ गेल्यापासून ती दुकानात येत होती. मास्तर बोलायला कंजूष, वहिनी त्याहून. दिवसभराचं बोलणं म्हणजे "सुई द्या" आणि "आता जेवून घ्या, भाऊजी."

मी ज्याच्यासाठी कापला गेलो त्याला सगळी गल्ली दुप्पटसाहेब म्हणायची. समोर काचेच्या दाराचं त्याचं ऑफिस होतं. पैसे ठेवा, दुप्पट न्या, एवढाच धंदा. सुरुवातीला खरंच काहींना दुप्पट मिळाले. मग काय, रांग लागली. त्याच्या गाड्या वाढल्या, अंगठ्या वाढल्या, पोटही वाढलं. दर नवा कोट मागच्यापेक्षा दोन बोटं रुंद.

"मास्तर, पोटाला ढिला ठेवा," माझ्या पहिल्या ट्रायलला तो आरशात बघून म्हणाला. "मला अजून वाढायचंय."

"किती वाढणार, साहेब? माझं टेबल तेवढंच आहे," मास्तर म्हणाले.

तो खदखदून हसला. त्या हसण्यानं माझे कच्चे टाके ताणले. मला तेव्हाच बरं वाटलं नाही. पण कोटाला कोण विचारतो?

मास्तरांना तो माणूस आवडायचा. कापड बोटांनी चोळून बघायचा, शिलाईत घासाघीस करायचा नाही. मास्तरांच्या लेखी तेवढं पुरे होतं. वहिनी राहायची ती खोली मालक विकायला काढणार होता. थोरल्या भावाच्या नोकरीचे, तो गेल्यावर मिळालेले पैसे तिच्याजवळ होते, पण खोलीला कमी पडत होते. "साहेबाकडे ठेवा," मास्तर म्हणाले. "दुप्पट झाले की खोली तुमची." तिनं ठेवले. मास्तरांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

एका सोमवारी गल्लीत कुजबुज सुरू झाली. साहेब दिसत नाही. ऑफिसातल्या पोरी रडतायत. वहिनीनं सुई खोचून ठेवली आणि उठली.

"भाऊजी, मी जाऊन पैसे मागून आणते. मिळतील तेवढे."

"बसा, वहिनी." मास्तरांनी माझ्यावर हात ठेवला. "हा टेबलावर आहे. बुधवारी दुसरी ट्रायल. एवढ्या भारी कापडाचा कोट अर्धा टाकून माणूस पळतो होय?"

"लोक म्हणतायत..."

"लोकांना शिवणकाम कळतं का?"

ती बसली. त्या दिवशी जे धावत गेले त्यांना थोडेफार मिळाले म्हणतात. मंगळवारी काचेच्या दाराला कुलूप लागलं.

बुधवारी मास्तरांनी माझ्या कॉलरला इस्त्री केली. खडूला टोक काढलं. आरसा पुसला. दुपार झाली, दिवे लागले. साहेब आला नाही. आले ते पोलीस.

मग कळायला लागलं. सोनाराकडे त्याची अंगठी अर्धी घडवलेली. सुताराकडे पलंगाचे नुसतेच पाय. गवंड्याकडे बंगल्याच्या भिंती उभ्या, छप्पर नाही. जो तो आपल्याला म्हणत राहिला की काम अर्धं आहे, म्हणजे येईलच. त्यानं गल्लीभर अर्धी कामं पेरून ठेवली होती आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी पहारा देत बसलो होतो. त्या पहाऱ्यात मीही होतो.

खोली गेली. वहिनी दुकानावरच्या पोटमाळ्यावर राहायला आली. तिनं एका शब्दानं मास्तरांना बोल लावला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी मला खुंटीला टांगलं, तोंड भिंतीकडे करून.

वर्षं गेली. एक दिवस सिनेमावाल्यांची एक बाई आली. कपड्यांचं खातं तिच्याकडे. दुप्पटसाहेबावर पिक्चर निघत होतं.

"तुमच्याच हातचा कोट हवाय, मास्तर. पैशाची काळजी नको."

मास्तरांनी मला खाली काढलं, झटकलं. "पिक्चरमध्ये शेवटी काय होतं?"

"पकडतात त्याला."

"इथं तर पकडला नाही."

"पिक्चर आहे, मास्तर."

मास्तर वहिनीकडे वळले. "वहिनी, तुमच्या पैशातून त्यानं घेतलेलं एवढंच कापड हाती राहिलंय. बोला, द्यायचा?"

वहिनीनं दोरा तोडला. "कोट पुरा करून पुन्हा त्यालाच घालायचा? नाही द्यायचा."

बाई गेली. मास्तर उभेच होते. मग गळ्यातली टेप काढून म्हणाले, "पोटमाळ्यावर थंडी फार असते. इकडे या. माप घेतो."

"माझं? बायकांचे कोट कधी शिवलेत तुम्ही?"

"कुणाचे पैसे तरी कधी बुडवले होते मी, वहिनी? तेही केलंच ना."

ती आरशासमोर येऊन उभी राहिली.

मला उसवलं. पोट काढलं, खांदे उतरवले. निम्मं कापड गळून पडलं आणि मला मोकळं वाटलं. काजं तिनं स्वतःच केली.

पिक्चर लागलं तेव्हा दोघं गेले. मी तिच्या अंगावर. पडद्यावर दारू, नाच, नोटांचा पाऊस. माणसं शिट्ट्या मारत होती, त्याच्याच नावानं. "खांद्यात बसला नाही कोट," मास्तर पुटपुटले. शिंप्याचं दुकान पिक्चरमध्ये नव्हतंच. शेवटी बेड्या पडल्या. पुढच्या खुर्चीतला माणूस म्हणाला, "सापडला बघ!"

"हा सापडला," वहिनी म्हणाली. "आमचा कुठाय?"

ती उठली. मास्तरांनी माझी कॉलर मागून सारखी केली.

आता माझी कोपरं झिजलीत. अस्तराला ठिगळ आहे. वाचणाऱ्या माणसा, उद्या ती नसली तर मला खुंटीला टांगू नकोस. ज्याला थंडी वाजते त्याला दे. फक्त आधी अंगाला लावून बघ. माझी राहिलेली दुसरी ट्रायल शेवटी झाली ती वहिनीच्या अंगावर, तीही बुधवारीच, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक मास्तरांच्या आधी आरशासमोर उभं होतं.