वेगळं निघण्याचं शास्त्र

मुर्रीच्या सुशिलाबाई आतल्या खोलीत तांदूळ पाखडत होत्या. ओसरीत त्यांची नवी सून रेणू बारावीच्या पोरींची शिकवणी घेत होती. "एकत्र आहेत तोवर दिवा लागत नाही," ती पोरींना सांगत होती, "वेगळे निघाले की लागते!"

सुशिलाबाईंचं सूप थांबलं. अंगाची हळद अजून उतरली नाही, आणि बाईसाहेब घर फोडायला निघाल्या!

त्या तरातरा ओसरीत आल्या. "काऊन वो, कोणाले वेगळं काढून राहिलीस?"

"मिठाले, आई." रेणूनं सेल नि दिव्याला जोडलेल्या दोन तारा कोरड्या मिठात खुपसल्या. इवलासा दिवा काही लागला नाही. मग तेच मीठ पाण्यात विरघळवून तिनं तारा बुडवल्या, तसा तो लागला. "पाण्यात मिठाचे आयन वेगळे होतात. म्हणून वीज वाहते."

पोरी फिदीफिदी हसल्या. सुशिलाबाई सैपाकघरात गेल्या.

जेवताना उमेंद्रनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "आई, भाजीत मीठच नाही!"

"वेगळं निघालं," सुशिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "विचार तुह्या बायकोले. तिनंच दिवे लावले."