साडेपाच रेघा आणि अर्धा मो

मी मायक्रोमीटर, जाडी मोजायचं हत्यार. हौस म्हणून बोलत नाही. किळस आली की माणूस थुंकून मोकळा होतो. मला थुंकता येत नाही, म्हणून बोलतोय.

कावासाकीच्या एका कारखान्यात मी घडलो. अमेरिकेला जायचं होतं म्हणून अंगावर इंचाच्या रेघा कोरल्या होत्या. पेटी भरताना माझा रंग उडाला आणि मी नापास मालात पडलो. तिथून जुन्या बाजारात, आणि तिथून कानुमा गावच्या तोकुझो सुतारांच्या हाती आलो. एकही खिळा न मारता ते सरकती दारं करायचे. हात स्वच्छ, पकड हलकी. त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही.

कानुमाचे सुतार सरकारी कागदावर मिलिमीटर लिहितात, पण हातात रंधा आला की बापजाद्यांच्या मापात बोलतात. सुन हे त्यांचं माप, आणि सुनचा हजारावा भाग म्हणजे मो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ. त्या थाऊचेही दहा भाग केले की माझी एक बारीक रेघ होते. सुन इंचापेक्षा मोठा, म्हणून मोसुद्धा थाऊपेक्षा जाड. तोकुझोंनी आल्या दिवशीच गणित मांडलं: सहा रेघा म्हणजे अर्धा मो. उरलेला फरक मलाही दिसत नाही. दुकानातल्या प्रत्येकाकडून त्यांनी हे पाठ करून घेतलं होतं.

तोकुझोंना एकच मुलगी, कायो. तिनं रंधा ओढला की खालून निघणारा लाकडाचा पापुद्रा हवेत तरंगायचा. तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ शुहेई शिकत होता. तोही वाईट नव्हता, पण त्याचे वडील एइसाकु! तोकुझोंचे थोरले भाऊ, सकाळपासून तांदळाचे कुरकुरीत वडे चघळत बसायचे. सोया सॉसनं माखलेली ती बोटं माझ्या अंगाला लागली की मला शिसारी यायची. सॉस मात्र पुसता येतो.

तोकुझो थकले तेव्हा दुकान कोणाच्या नावावर करायचं हा प्रश्न आला. त्यांनी सरळ सांगितलं, ज्याचा पापुद्रा अर्ध्या मोच्या आत आणि दोघांत पातळ, दुकान त्याचं. मोजायचा मान थोरल्या भावाला दिला. तिथेच घात झाला.

आधी शुहेईचा पापुद्रा माझ्या जबड्यात आला. एइसाकुंनी डोळे बारीक करून वाचलं, "सहा रेघा. अर्धा मो. बसला."

मग कायोचा आला. मी साडेपाच दाखवले, अगदी स्वच्छ. त्यांनी वाचलेही साडेपाचच. माझ्यापासून आकडा निघताना खरा होता. माझ्यापासून त्यांच्या जिभेपर्यंत येईतो तो नासला.

"साडेपाच. दहा रेघांचा एक मो, म्हणजे पाचांचा अर्धा. पोरगी थोडक्यात हुकली."

कायोला आधी वाटलं, काका थट्टा करतायत. मग तिनं विचारलं, "काका, शुहेईच्या सहांचा अर्धा मो होतो, आणि माझ्या साडेपाचांचा त्याहून जास्त?"

"अगं, इंचाचं सुनमध्ये करताना थोडं इकडेतिकडे व्हायचंच. उद्या लग्न करून जाणार तू. तुला कशाला हवेत इतके बारीक हिशेब?"

"मग मोजलंत कशाला?"

एइसाकुंनी पुढचा वडा तोंडात टाकला. शुहेई खाली बघत राहिला. तेव्हा तोकुझोंनी चष्मा लावला आणि मला हातात घेतलं. मला हायसं वाटलं. त्यांचा डोळा माझ्या रेघांवर आला, ओठ हलले, हिशेब बरोबर झाला. ते मी अगदी जवळून पाहिलं. मग त्यांनी मला खाली ठेवलं.

"दादा म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले.

कायोनं आपल्या रंध्याचं पातं पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि बापाला वाकून नमस्कार करून निघून गेली. उत्सुनोमियात भाड्याच्या शेडमध्ये ती दारं करते, असं गिऱ्हाइकांकडून कळायचं. इकडे शुहेईला दत्तक घेतलं, जेवण झालं, मासा उत्तम होता म्हणे.

पुढे दुपारी सगळे पांगले की तोकुझो मला काढायचे. लेकीचा पापुद्रा त्यांनी शिक्क्याच्या डबीत जपून ठेवला होता. तो माझ्या जबड्यात धरायचे. कधी सैल, कधी त्याहून सैल, एकदा तरी सहाच्या वर जाईल या आशेनं. मी साडेपाचच दाखवायचो. लोकांना अशा म्हाताऱ्याची दया येते. मला नाही आली. एवढं मोजण्यापेक्षा एक फोन केला असता तर!

त्यांनी तो केला नाही, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

कायो उदबत्ती लावायला आली. एइसाकुंनी मला चिकट हातानं तिच्यापुढे केलं, "घे, बाबांची आठवण." मला वाटलं, सुटलो. तिनं मला हातातही घेतलं नाही. एइसाकुंची बोटं लागली की मला येते तीच शिसारी तिच्या तोंडावर उमटली, आणि ती माझ्यासाठी होती.

"राहू दे काका," ती म्हणाली. "तुमच्या घरातच शोभतं ते."

आता शुहेई मला शिकंज्यासारखा वापरतो. जबड्यात गोंद वाळलाय, मी शून्यावर येत नाही. तुमच्यापैकी कोणी या दुकानात आलात तर एवढं करा, मला मोडीत मागून घ्या आणि वितळवून खिळे करा. खिळ्याला कोणी काही विचारत नाही, आणि तो काय सांगतो ते कोणी फिरवत नाही.