डोकी धुणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. नुसतं खुर्ची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं, म्हणून आधीच सांगते, जिच्यासाठी मोठी माणसं भांडतात ती मी नव्हे. मी पार्लरमधली केस धुण्याची खुर्ची. माझी पाठ मागे कलते, डोक्याशी पांढरं बेसिन आहे आणि त्याच्या कडेला मान टेकायला खोबण. मित्रांनो, तुम्ही दप्तर पाठीवर घेतलंत तरी कुरकुर करता. मी जन्मभर माणसं झेलली आहेत, आणि तीही आडवी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा सांगाडा, त्यावर फोम, त्यावर काळंभोर चकचकीत रेक्झिन. तिथून मला एका ताईंनी घेतलं. अरुंद गल्लीतलं त्यांचं दुकान म्हणजे दोन आरसे, एक पडदा आणि पडद्यामागे मी. ताई पहिल्या दिवशी माझ्यावर स्वतःच आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं. इथे माणसाला बरं वाटेल." माझं त्या दिवशी फार कौतुक झालं. पुढे इतकं कधी झालं नाही.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. बायका यायच्या, मान टेकायच्या. कोमट पाणी, कुठलाही साधा शॅम्पू आणि ताईंची बोटं. कुणी सासूबद्दल सांगायचं, कुणी गुडघ्यांबद्दल, कुणी घोरायला लागायचं. मग नट-नट्यांनी मुलाखती द्यायला सुरुवात केली आणि माझ्या नाकी नऊ आले.

एका नटाने सांगितलं की तो केसांना अंडं लावतो. झालं! दुसऱ्या दिवसापासून अंडी. एका बाईंना तर अंडंही हवं आणि वर कढत पाणीही. ताई सांगून थकल्या, "अहो, पाणी गारच हवं." बाई ऐकेनात. मग काय होणार? अंडं डोक्यातच शिजलं. त्यांची मुलगी बोटांनी कण वेचत बसली आणि माझी मोरी तुंबली. मग कुणी बर्फाचं पाणी मागितलं, कुणी व्हिनेगर. मासिकातलं एका नटीचं पान फाडून आणायचं, नखाने बाटली दाखवायची आणि म्हणायचं, "हाच हवा. ती हाच लावते." ती खरंच काय लावते, हे मला माहीत होतं. कारण ती माझ्याकडेच यायची.

तिला आम्ही मॅडम म्हणायचो. दुपारी दुकान रिकामं असलं की डोळ्यांवर काळा चष्मा चढवून ती मागच्या दाराने शिरायची. गाजलेली नटी. एका चित्रपटात तिने मानेपर्यंत कापलेले केस मिरवले आणि गावभर मुलींनी वेण्या उतरवल्या. त्यात ताईंची भाचीही होती. तिची आई नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली होती, म्हणून ती मावशीकडे राहायची. कमरेखाली जाणारी जाड वेणी होती पोरीची. ताईंनी नाही नाही म्हटलं, पण हट्टापुढे हात टेकले. कापलेली वेणी त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

पुढे मॅडमचे केस गळू लागले. रोज नवा रंग, रोज तापलेली यंत्रं, रोज ताणून बांधलेले केस. कपाळावरून केस मागे सरकले, टाळूवर विरळ झाले. आणि नेमकी त्याच वेळी तिला लांब केसांच्या शॅम्पूची जाहिरात मिळाली. त्या दिवशी ती माझ्यावर पडून रडली. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

"ताई, काहीतरी करा. हे काम गेलं तर मला पुन्हा कुणी विचारणार नाही."

ताईंचं मन विरघळलं. त्यांनी कपाटातली वेणी काढली, रंगवून घेतली आणि कारागिराकडून तिचं झोकदार गंगावन करून आणलं. केस कुणाचे, हे मॅडमला सांगितलं नाही. गंगावनाबद्दल कुणाला कळू देणार नाही, असा शब्द मॅडमला दिला. आणि भाचीला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

जाहिरात आली. मॅडमने मान झटकली आणि ते केस पडद्यावर असे काही लहरले की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. भाचीने जाहिरात पाहिली आणि तिच्या मनाला चुटपुट लागली. "मी कशाला कापले गं माझे? मला तसे हवेत." तिने तोच शॅम्पू मिळवला. मॅडम मुलाखतीत म्हणाली होती की ती केस दिवसातून दोनदा धुते आणि ओलेच घट्ट बांधते, म्हणून हीसुद्धा सकाळ-संध्याकाळ धुवायची आणि ओलेच करकचून बांधायची. डोक्यात कोंडा झाला, खाज सुटली, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. शाळेतल्या मुली हसायच्या. पोर जेवेना, कुणाशी बोलेना, घरातही डोक्याला रुमाल बांधून बसायची.

ताई रोज समजावायच्या, "अगं, शॅम्पूने असे केस येत नाहीत."

"मग तिचे कसे आले?"

इथे ताई विषय बदलायच्या. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे आपल्या बहिणीची पोर. माझ्यावर वाकून दुसऱ्यांची डोकी धुताना त्या उसासे टाकायच्या. मी लोखंडाची, पण मलाही ते ऐकवत नसे.

एका दुपारी मॅडम माझ्यावर आडवी होती. गंगावन खुंटीला टांगलेलं, डोक्यावर तिचे स्वतःचे तेवढे चार केस. तेवढ्यात शाळा लवकर सुटलेली भाची पडदा सारून आत आली. मुठीत गळलेल्या केसांचा गोळा होता आणि डोळे रडून लाल झाले होते. "मावशी, हे बघ," एवढंच म्हणाली आणि थिजली. तिने मॅडमकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

ताई पडदा ओढायला धावल्या. मॅडम म्हणाली, "राहू द्या, ताई. बघू दे तिला." मग पोरीला म्हणाली, "ते माझे नाहीत गं. माझे हे असे आहेत."

"मग जाहिरातीत..."

"जाहिरातीतही तेच. कुणाचे आहेत, मलाही माहीत नाही. जिचे असतील ती भाग्यवान."

ताईंच्या हातातला पाण्याचा पाइप भलतीकडेच वळला. पाणी माझ्या हातावर, जमिनीवर, कुठेही पडत होतं. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. "तुझेच आहेत, राणी," त्या म्हणाल्या. "तुझी वेणी. मी तुला न विचारता दिली."

मॅडम ताडकन उठून बसली. निथळणारं पाणी तिच्या पाठीवरून माझ्यावर ओघळलं. पोरीने गंगावनाला बोट लावलं, पुन्हा मागे घेतलं. मला वाटलं आता आकांत होणार. पण तिने मुठीतला गोळा खुंटीवरच्या केसांशेजारी धरून पाहिला.

मग मॅडमने तिला विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं, जसं तिला मुलाखतीत सगळे विचारतात तसं. "तू काय लावायचीस गं तेव्हा?"

पोर विचारात पडली. "काही नाही," ती म्हणाली. "कुठला तरी साधाच असायचा. आई धुवायची."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. दिवसभर गावाची डोकी धुणाऱ्या या बाईने, आई दूर गेलेल्या पोरीचं डोकं एकदाही धुतलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाईपर्यंत हातच उचलत नसत, हेही खरं. मी त्या हातांची साक्षीदार आहे.

मॅडम उठली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि माझ्यावरचं पाणी स्वतः पुसलं. "बस," ती पोरीला म्हणाली. ताईंनी पाणी कोमट करून मनगटावर पाहिलं आणि हलक्या हाताने धुवायला घेतलं. खूप वेळ धुतलं. पोर सुरुवातीला ताठ होती, मग रडली, मग माझ्या अंगावर सैल पडली. त्या दिवशी ती मला जड वाटली नाही.

मित्रांनो, जाहिरात अजून लागते. बायका अजून पानं फाडून आणतात. माझं रेक्झिन उसवलं आहे, एक पाय लंगडतो आणि मला आता खरंच दमायला होतं. पुढच्या मुलाखतीतला पुढचा शॅम्पू येईल, तोही मी सोसेन. तुम्हाला एवढंच सांगते, बाटलीवरच्या चेहऱ्याशी आपल्या केसांची तुलना करू नका. आणि घरात कुणी दमून आलं असेल, तर त्याचं डोकं एकदा तुम्ही धुवून द्या. शॅम्पू कुठलाही चालेल, घाई मात्र करू नका.

भाचीचे केस पुन्हा पूर्वीसारखे वाढले का, हे मला विचाराल तर मला माहीत नाही. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद असतं, त्या दिवशी मावशीच तिचं डोकं घरी धुते. त्यामुळे ती माझ्याकडे येतच नाही. कुणीतरी माझ्याकडे येत नाही, याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटतं.