टिचबटणाचा खिसा

टिच.

घर गप्प असताना हा आवाज झाला, की समजावं, कोणीतरी मला उघडलं. एवढासा आवाज, पण त्याच्याच जिवावर मी आयुष्य काढलं. मित्रांनो, मी एक जुना खिसा आहे. एका तपकिरी कोटाच्या आतल्या बाजूला, डावीकडे, मालकाच्या काळजाला टेकून मला शिवलेलं आहे. कोटाला बाहेरून दोन खिसे आहेत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात, फुगतात, मिरवतात. त्यांच्यात किल्ल्या, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या असं काहीबाही राहतं. माझ्यात फक्त सामन्याचं तिकीट राहायचं.

माझा जन्म चोरीतून झाला. ज्यांना आज घरात आजोबा म्हणतात, ते तेव्हा तरुण होते आणि लिफ्ट दुरुस्तीची कामं करत. फुटबॉलच्या मैदानात त्यांच्या आणि आजींच्या दोन जागा ठरलेल्या होत्या, अगदी मधल्या रेषेसमोर. एकदा रांगेत खिसेकापूने बाहेरच्या खिशातून दोन्ही तिकिटं मारली. मग नवरा-बायको भिंतीबाहेर उभे राहिले आणि नुसत्या आरड्याओरड्यावरून कोणी गोल केला याचा अंदाज बांधत बसले. दोघांचे अंदाज जुळेनात, म्हणून घरी येताना भांडणही झालं.

दुसऱ्या दिवशी आजींनी गादीचं उरलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड काढलं. जे कापड कापूस आणि माणूस दोघांना सांभाळतं ते दोन चिठोऱ्यांना सांभाळणार नाही का, असा त्यांचा हिशेब. दुहेरी टाक्यांनी मला कोटाच्या आत बसवलं आणि तोंडाला टिचबटण लावलं.

"आता घालू दे कोणाला हात घालायचा तो," त्या म्हणाल्या. "घंटा वाजेल."

आणि वाजली. पुढच्याच हंगामात रांगेत दोन सडपातळ बोटं माझ्यापर्यंत आली. टिच झालं आणि आजोबांनी ते मनगट असं धरलं की त्या माणसाला गेटवरच रडू फुटलं. त्यानंतर कित्येक दिवस ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला कोट उघडून मला दाखवण्यात आलं. मी कापडाचा, पण त्या दिवसांत जरीचा असल्यासारखा वागलो.

मित्रांनो, कागदी तिकीट काय असतं ते तुम्हाला आता कळायचं नाही. कोरं असताना ते ताठ असतं, नव्या जावयासारखं. मग माझ्या उबेने हळूहळू मालकाच्या छातीचा बाक घेतं. गेटवर त्याचा एक तुकडा फाडून घेतात आणि उरलेला परत माझ्याकडे येतो. जिंकलेल्या सामन्यांचे तुकडे आजी आरशाच्या चौकटीत खोचत. हरलेल्या सामन्यांचे तुकडे जेवणाच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली जात. आमच्या संघाची कामगिरी अशी, की ते टेबल लवकरच एका बाजूने उंच झालं.

मग एके वर्षी मैदानवाल्यांनी जाहीर केलं, कागद बंद. तिकीट आता मोबाईलमध्येच येणार.

पहिल्या सामन्याला गेटवर नुसता गोंधळ. आयुष्यभर रांगेत बिनधास्त उभी राहिलेली माणसं फोन छातीशी धरून देवळात आल्यासारखी उभी. कोणाची बॅटरी संपली, कोणाला फोन उघडायचा अंक आठवेना, एकाने सरळ मुलाला फोन लावला आणि फोन लावल्यामुळे तिकीट कुठे गेलं ते त्याला सापडेना. आजोबांच्या रांगेत बसणारा त्यांचा चष्मेवाला मित्र मात्र ऐटीत आला. त्याने मोबाईलमधल्या तिकिटाचं चित्र दुकानातून छापून आणलं होतं, वर प्लास्टिकही चढवलं होतं.

"काका, हे चालणार नाही," गेटवरची मुलगी म्हणाली. "खऱ्या तिकिटावरची ही निळी रेघ हलत असते. तुमची हलत नाही."

"मग हलवतो की," मित्र म्हणाला आणि त्याने ते कार्ड तिच्यासमोर खरोखरच हलवून दाखवलं.

रांग हसली. आजोबाही हसले, त्यांना आवरलं नाही. चष्मेवाला पुन्हा कधी मैदानात आला नाही. आजोबा दोनदा त्याच्या घरी बोलवायला गेले, तर म्हणाला, गुडघे दुखतात.

त्याच सुमारास आजी गेल्या. कोट कपाटात गेला. ज्या जागी तिकीट असायचं, तिथे कोणीतरी डांबरगोळी टाकली. मी काही बोललो नाही. खिशाला तोंड असतं, जीभ नसते.

मला पुन्हा उजेड दाखवला तो नातीने. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसली तर घरच्यांना ताप आला की काय अशी शंका येते. तिला शाळेत कोणीतरी सांगितलं की खरा सामना टीव्हीपेक्षा मोठा असतो.

"किती मोठा?" तिने आजोबांना विचारलं.

"कळेल. आजीच्या जागेवर बसशील ना?"

"आजीला चालेल?"

"ती ओरडायची इतकं, की तिची जागा रिकामी ठेवली तर पंचांना चुकल्यासारखं वाटेल."

पण आजोबांना मोबाईल कुठे यायचा? तोवर तो आजीच सांभाळायच्या. त्यांना सूनबाईंनी शिकवलं. भिंगरीचं दूध गरम होईपर्यंत, कपडे वाळत घालता घालता, कुकरची शिट्टी होईपर्यंत. जेवढी सवड मिळेल तेवढ्यात एक पायरी. इथे दाबायचं, इथे नाही. आजोबांची बोटं आयुष्यभर जाड तारा आणि नटबोल्ट फिरवून दणकट झालेली, एकाच वेळी दोन चित्रांवर पडत. सूनबाई चिडत नसत. "बाबा, करंगळीने दाबा," त्या म्हणाल्या आणि ते जमलं. मग भिंगरी गेटवरची बाई झाली, आजोबा प्रेक्षक झाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांची परीक्षा झाली. आजोबा पास झाले. भिंगरीने त्यांना आत सोडलं आणि एक बिस्कीट दिलं.

फोन माझ्यात मावत नव्हता. तेव्हा सूनबाईंनी माझी एक बाजू उसवली आणि भिंगरीच्या जुन्या झबल्याचा तुकडा लावून मला रुंद केलं. मी अर्धा गादीचा आणि अर्धा झबल्याचा झालो. टिचबटण जुनंच ठेवलं. मित्रांनो, म्हातारपणी एवढी माया मिळाली, की मी स्वतःला पुन्हा जरीचा समजू लागलो.

सामन्याचा दिवस उजाडला. कोट हॉलच्या दाराशी खुंटीवर होता, माझ्यात फोन, फोनमध्ये दोन तिकिटं. आजोबा आंघोळीला गेले होते. भिंगरी आतल्या खोलीत बूट शोधत होती.

टिच.

हात घरचाच होता. मुलाचा, म्हणजे आजोबांच्या मुलाचा. लहानपणी याच हाताने माझ्यात चॉकलेट शोधलं होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. त्याने फोन काढला आणि अंगठा फिरवला.

"काय करतोयस?" सूनबाईंनी हलकेच विचारलं.

"साहेबांना तिकिटं पाठवतोय. काल स्वतःहून म्हणाले, तुमच्या वडिलांची जागा मधल्या रेषेसमोर आहे ना? आता एवढं बोलल्यावर गप्प बसू?"

"आणि बाबा?"

"पुढच्या सामन्याला जातील. मैदान काय पळून चाललंय?"

"अरे, भिंगरी सकाळपासून तयारी करतेय. विचार तरी बाबांना. देतील ते."

"आणि नाही म्हणाले तर? माझी बढती साहेबांच्या सहीवर अडलीये, तुला माहितीये. बाबांना वाटेल फोन बिघडला. येतील परत. सगळे मिळून टीव्हीवर बघू."

त्याने फोन पुन्हा माझ्यात ठेवला आणि बटण नीट दाबलं. तेवढ्यात एका पायात बूट घालून भिंगरी आली.

"पप्पा, काय बघत होतात?"

"आजोबांचं तिकीट आहे ना, ते बघत होतो. सगळं ठीक आहे."

मित्रांनो, मला काही कळलंच नाही. चोरी म्हणजे हलकं होणं, एवढंच मला ठाऊक. तिकीट गेलं की खिसा हलका होतो, रिकामा लोंबतो. इथे फोन जागच्या जागी होता, वजन तेवढंच. एक टाका उसवला नव्हता. माझ्यासारख्या राखणदाराची चेष्टा करायची असेल तर याहून चांगली रीत कोणाला सुचली नसती.

आजोबा केस विंचरून आले. कोट चढवला.

"बाबा, आज फार गर्दी असेल," सूनबाई म्हणाल्या. "नका जाऊ. मला जरा बरं वाटत नाहीये."

"मग तू पड. पोरीला मी घेऊन जातोय म्हणजे तुला तेवढीच उसंत. आणि गर्दीची कसली काळजी? गुरू तर तूच आहेस माझी."

सूनबाईंनी वाकून भिंगरीच्या बुटाची नाडी बांधली. बांधलेली सोडली, पुन्हा बांधली. मग दार उघडलं.

गेटवर आजोबांनी मला ऐटीत उघडलं, करंगळीने दाबलं आणि फोन पुढे धरला. गेटवरच्या मुलीचं यंत्र लाल झालं. पुन्हा धरला, पुन्हा लाल.

"आजोबा, हे तिकीट तुम्ही दुसऱ्याला पाठवलंय. इथे लिहिलंय बघा, पाठवले."

"मी? मी कोणाला पाठवणार?"

"ते मला नाही दिसत. पण तुमच्याच फोनवरून गेलंय. चुकून दाबलं गेलं असेल."

मागची रांग खोळंबली.

"ओ काका, बाजूला घ्या की गाडी."

"घाईत टीव्हीचा रिमोट तर नाही ना आणला?"

"अहो, टीव्हीवर पण दाखवतात सामना. वर पाय पसरून बसता येतं."

रांग हसली. आजोबांनी फोन भिंगरीच्या हातात दिला आणि माझ्यात हात घातला. कोपऱ्यापर्यंत. सवयीचा हात तो, कागद शोधत होता. झबल्याच्या तुकड्यावरून गादीच्या कापडावर, तिथून परत. पाठीमागे त्यांचं काळीज मला ऐकू येत होतं. मी उलटा होऊन बाहेर लोंबलो तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली.

आजोबांनी मला आत ढकललं, फोन परत माझ्यात ठेवला आणि दोघं कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आजोबा, सकाळी पप्पांनी बघितलं होतं," भिंगरी म्हणाली. "ते म्हणाले सगळं ठीक आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. एकदम उजळले, बिघाड सापडल्यावर उजळायचे तसे. "नक्की?"

"नक्की. मी बूट घालत होते."

"म्हणजे सकाळी ठीक होतं." त्यांनी मान हलवली. "लिफ्ट बंद पडली की मी पहिला प्रश्न काय विचारायचो माहितीये? शेवटचा हात कोणाचा लागला? बाकी कोणावर ओरडायचं नाही. तुझ्या पप्पांनी बघितलं तेव्हा ठीक होतं. त्यानंतर फोनला कोणाचा हात लागला?"

भिंगरीने विचार केला. ती खोटं बोलत नाही. "तुमचा."

"मग झालं तर."

आणि ते विझले. आत गोल झाला, भिंत दणाणली. आमचा की त्यांचा, असं भिंगरीने विचारलं, तर आजोबा म्हणाले, "मला काही सांगता येत नाही, बाळा. माझं आता काही खरं नाही."

घरी टीव्ही चालू होता. मुलगा उठून दाराशी आला. "अरेच्चा, परत आलात?"

आजोबांनी कोट काढला नाही. तसेच उभे राहिले, कामावर उशिरा आलेला माणूस उभा राहतो तसे. "माझ्या हातून तिकीट कुठेतरी गेलं रे. कोणाला गेलं तेही कळेना. पोरीचा दिवस वाया घालवला. माफ करा मला, सगळ्यांनीच. सूनबाई, तू एवढं शिकवलंस, पण डोक्यात राहत नाही. फोन तू घे रे बाबा. जागाही पुढच्या वर्षीपासून तुझ्या नावावर कर. मला नको."

टीव्हीवर मधल्या रेषेसमोरचे लोक उभे राहून ओरडत होते.

"असू दे हो बाबा," मुलगा म्हणाला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं वयानं. एवढं काय मनाला लावून घेता?"

आजोबांनी कृतज्ञतेने मान डोलावली. मग कोट काढून खुंटीला लावला आणि आपल्या खोलीत गेले. तेव्हापासून हा कोट त्यांनी घातलेला नाही. ते फिरायलाही जात नाहीत. दिवा लावला की परत येऊन तपासतात, खरंच आपण लावला का.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला पुन्हा कागदी तिकीट नको. ते दिवस गेले, निळी रेघही मला आवडू लागली होती. मला डांबरगोळीही चालेल. माझं मागणं एवढंच, की कोणाच्या खिशात हात घातलात तर त्याला कळू द्या. चोर धरला तर माणूस चोरावर ओरडतो आणि रात्री शांत झोपतो. न कळलेली चोरी माणूस स्वतःच्याच अंगावर घेतो.

त्या संध्याकाळी मुलाने आतून सांगितलं, "अगं, बाबांचा फोन काढून दे, माझ्याकडेच ठेवतो."

सूनबाई खुंटीपाशी आल्या. त्यांनी मला उघडलं, हात आत घातला, आणि फोन सापडूनही तो बाहेर काढला नाही. झबल्याच्या तुकड्यावर त्यांची बोटं गार पडली होती. भिंगरी मागून आली, आईच्या पदराला धरून उभी राहिली आणि आजोबांच्या बंद दाराकडे बघत हळूच म्हणाली,

"आई, आजोबांनी माफी कशाची मागितली?"