बिनबाह्यांचा ड्रेस

दोन वर्षं जिभेला लगाम घालून टेलरबाईंनी पस्तीस किलो वजन उतरवलं. वजन गेलं, पण दंडांचं कातडं हटायला तयार नव्हतं. रिकाम्या पिशवीसारखं लोंबतच राहिलं. सगळ्यांना बिनबाह्यांचे ड्रेस शिवून देणाऱ्या बाई स्वतः मात्र मनगटापर्यंत झाकलेल्या. एकदा तरी उघड्या दंडांनी दुकानात उभं राहायचं, एवढी एकच हौस.

शेवटी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला व्रण राहील. फिका पडेल, पण जाणार नाही. काही आठवडे घट्ट पट्टे घालायचे, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही." डॉक्टरीणबाई पेनाने दंडावर रेघा मारू लागल्या, तशा बाई म्हणाल्या, "शिवणीला थोडी माया ठेवा हो, उसवायला नको."

ऑपरेशन झालं. पण जित्याची खोड! पाचव्या दिवशी पट्टा सरकवून बाईंनी दंडाला टेप लावली. माप जसंच्या तसं! बाईंचा धीरच सुटला. हौसेने आधीच शिवून ठेवलेला बिनबाह्यांचा ड्रेस काढला आणि रडत रडत त्याला लांब बाह्या टाचायला बसल्या.

नणंदेने पाहिलं आणि तडक दवाखान्यात फोन लावला.

"सूज आहे ती!" डॉक्टरीणबाई पलीकडून ओरडल्या. "आधी ती टेप लपवा!"

नणंदेने टेप लपवली. सूज हळूहळू ओसरली. तिसऱ्या महिन्यात दंड असे सडपातळ दिसले की बाई आरशापुढून हलेनात. पण व्रण लालभडक होता, आणि ड्रेसच्या बाह्या तशाच.

"काढ की आता," नणंद म्हणाली.

"लोक बघतील गं."

"वहिनी, जन्मभर लोकांना शिवून दिलंस. आतली शिवण दिसली म्हणून कुणी कपडा टाकून दिला का?"

बाईंनी कात्री घेतली आणि टाके उसवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाई तो ड्रेस घालून दुकानात उभ्या राहिल्या. पहिलंच गिऱ्हाईक आलं आणि नजर सरळ व्रणावर गेली. बाईंचा हात आपोआप अंगाशी आला. मग त्यांना स्वतःचाच राग आला.

"लोंबतं कातडं काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "दुखलं पुष्कळ. व्रण राहणारच आहे. चला, मापाला उभ्या राहा. हात वर करा, असे."

आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात सरळ वर करून दाखवले.