हाडाच्या भुताला दहीभात

घरात काही बिनसलं की आपलं बोट आधी कुणाकडं जातं? नव्या सुनेकडं! महाळुंगे पडवळच्या सोनीबाईचंही तिकडंच गेलं.

तिचा लेक आदेश पुण्याला कामाला. त्यानं घरी कंप्युटर आणून ठेवला होता आणि त्यात एक गेम. अमेरिकेतल्या आदिवासींच्या जुन्या गोष्टींतलं बेकॉक नावाचं भूत त्या गेमात होतं. नुसता हाडांचा सापळा, लालभडक डोळे, आणि किंचाळणं असं की अंगणातल्या कोंबड्या पळाव्यात. दुपारी सून रुपाली खेळत असताना सोनीबाई तांदूळ निवडत आत आली. सूप खाली, तांदूळ घरभर!

त्याच आठवड्यात म्हैस आटली. मग काय विचारता! सोनीबाईनं कंप्युटरवरून दहीभाताचा उतारा उतरवला आणि पुढ्यात ठेवला. मुंग्या जमल्या, सापळा हलला नाही. शेवटी एका कोंबड्याच्या बोलीवर हौशीराम देवऋषी आला. अंगारा फुंकून म्हणाला, "हे सुनंच्या पायानं आलंय. तिला माहेरी धाडा, कायमची."

रुपालीची बॅग उंबऱ्यात आली. पोर रडून रडून सुजली. तेवढ्यात सोनीबाईची थोरली जाऊ कुशाबाई दारात हजर.

"हौशीराम, भूत कुटं हाय?"

"त्या पेटीत."

"मग माहेरी पेटी धाडायची का पोर? बस खुर्चीवर. धर त्याला."

हौशीरामानं मंत्र म्हणत बटण दाबलं. सापळ्यानं त्याला लोळवलं. पुन्हा बसला, पुन्हा मेला. रुपालीनं डोळे पुसले, दोन बटणं दाबली, आणि सापळा खळाखळा कोसळला!

"तुझ्या अंगाऱ्यापरीस पोरीचं बोट भारी, राव!" कुशाबाई म्हणाली.

"आन म्हशीचं काय, बाई?" सोनीबाई पुटपुटली.

"पारगावचा कारखाना सुरू झाल्यापास्नं तिला नुसतं उसाच्या शेंड्याचं वाढं घालतीस. पेंड न्हाई, कडबा न्हाई. गव्हाण बघायची सोडून सुनंचं पाऊल बघतीस व्हय? तू नवी आलीस तवा हिरीला पाणी लागलं न्हाई. तुझ्याच पायगुणाचं नाव निघालं व्हतं. इसरलीस?"

सोनीबाई उंबऱ्यापाशी गेली. मग वाकली, बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. "चल गं, च्या टाक," एवढंच बोलली.

"माझा कोंबडा?" हौशीरामानं विचारलं.

"त्यो जित्ता हाय. मेलास तू," कुशाबाई म्हणाली.

बायांनो, गेमातलं भूत बटण दाबलं की जातं. पांढऱ्या पायाची म्हणून सुनेला लावलेला डाग जन्मभर जात नाही. तो लावायच्या आधी आपण सून होतो ते दिवस आठवा!